शेवटच्या दोनशे मीटरचा मानकरी : स्प्रिंटरसाठी संघाने शर्यत कशी चालवावी

जळगाव, भुसावळ, धुळे, चोपडा, अमळनेर, शिरपूर अशा गावांतून रविवारी पहाटे रोड बाइक घेऊन निघणाऱ्या तरुणांच्या मनात शर्यतीची जी कल्पना असते, ती बहुधा एकट्याने पळण्याची असते. सगळे एकत्र निघतात, ज्याच्या पायांत जोर आहे तो वाटेत पुढे सुटतो आणि ज्याचा दम शेवटपर्यंत टिकतो तो पहिला येतो. व्यावसायिक रोड रेसिंग सपाट रस्त्यावर याच्या जवळजवळ उलट चालते. तेथे संघातला सर्वांत वेगवान खेळाडू, म्हणजे स्प्रिंटर, शर्यतीचा बहुतेक भाग कोणाच्या तरी आडोशाला घालवतो, आणि त्याने शेवटच्या दोनशे मीटरपूर्वी एकदाही वारा अंगावर घेऊ नये यासाठी बाकीचे सहकारी चार-पाच तास राबतात. ज्यांनी अजून संघ म्हणून एकही शर्यत केलेली नाही, अशा सहा ते आठ जणांच्या गटाने हे काम पायरी-पायरीने कसे शिकावे, ते येथे सांगितले आहे.

आधी वाऱ्याचा हिशेब

सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेल्यावर सायकलपटूची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच्याशी झुंजण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी ४० वरून ५० किलोमीटरवर जायचे झाले तर हवेपुरती शक्ती जवळपास दुप्पट लागते. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली की संघाचे महत्त्व कळते. पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ राहणाऱ्याची साधारण पाव ते एक तृतीयांश शक्ती वाचते. आणि मोठ्या घोळक्याच्या, म्हणजे पेलोटोनच्या, पोटात ही बचत कितीतरी वाढते. बर्ट ब्लॉकेन या अभियंत्याच्या चमूने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२१ सायकलपटूंच्या दाट घोळक्यातील मागच्या-मधल्या जागांवर हवेचा विरोध एकट्या सायकलपटूच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के आढळला होता.

स्प्रिंटरला ही बचत इतरांपेक्षा जास्त मोलाची असते, कारण त्याचा शेवटचा जोर दहा ते पंधरा सेकंदांचा असतो. त्या काळात अव्वल पुरुष स्प्रिंटर सरासरी हजार वॉटच्या वर शक्ती लावतात, क्षणभर चौदाशे-पंधराशे वॉटच्याही पुढे जातात, आणि हे एका शर्यतीत एकदाच नीट जमते. पांझरेकाठच्या फड बागायतीत पाटकऱ्याचे काम पाणी वाढवण्याचे नसते. बंधाऱ्यात आहे तेवढे पाणी वाटेत कोठेही फुटू न देता शेवटच्या वाफ्यापर्यंत नेणे एवढेच त्याच्या हाती असते, आणि स्प्रिंटरच्या संघाचे कामही नेमके तेवढेच आहे. पुढची प्रत्येक पायरी या एका दृष्टीने वाचावी.

पायरी पहिली : स्प्रिंटर निवडा, पण दमल्यावर

गटातला सर्वांत वेगवान कोण, हे ताज्या पायांनी ठरवू नये. घरून निघाल्यावर पहिल्याच सरळ रस्त्यावर जो सर्वांना मागे टाकतो, तो साठ-सत्तर किलोमीटरनंतर चौथा येतो, असे वारंवार दिसते. म्हणून चाचणी रपेटीच्या शेवटी घ्यावी. आपल्या अनेक रस्त्यांवर किलोमीटरच्या दोन दगडांच्या मध्ये दर दोनशे मीटरवर छोटे दगड असतात आणि त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले असतात. वाहतूक नसलेल्या रस्त्यावर असे लागोपाठचे दोन दगड शोधावेत, ताशी पस्तीस-चाळीसच्या वेगाने पहिल्या दगडापर्यंत यावे आणि तेथून दुसऱ्यापर्यंत पूर्ण जोर लावावा. ही चाचणी वेगवेगळ्या रविवारी, वेगवेगळ्या वाऱ्यात घ्यावी आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहून ठेवावी.

याच वहीतून बाकीची माणसेही सापडतात. जो दोन-तीन मिनिटे अतिशय वेगाने जाऊ शकतो पण शेवटचा झटका ज्याच्याकडे नाही, तो ट्रेनमधला, म्हणजे स्प्रिंटरला पुढे नेणाऱ्या सहकाऱ्यांच्या ओळीतला, मोलाचा गडी आहे. जो तासन्‌तास एका लयीत चालतो आणि कुरकुरत नाही, तो पाठलागासाठी योग्य. स्प्रिंटरच्या खालोखाल वेगवान, पण डोके थंड असणारा जो असेल त्याला शेवटचा वाटाड्या, म्हणजे लीड-आउट मॅन, करावे. दोघे जण सारखेच वेगवान निघाले, तर आजचा स्प्रिंटर कोण हे शर्यतीच्या आदल्या दिवशी सर्वांसमोर ठरवावे. शेवटच्या किलोमीटरमध्ये हा प्रश्न उघडा राहिला, तर दोघेही हरतात.

पायरी दुसरी : चाकामागे राहण्याची शिस्त

ही पायरी घाईने ओलांडू नये, कारण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे. सुरुवातीला पुढच्याच्या मागच्या चाकापासून एका चाकाइतके अंतर ठेवावे आणि सवय झाली की ते हळूहळू अर्ध्यावर आणावे. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नये. ती त्याच्या कमरेवर आणि खांद्यावरून पलीकडच्या रस्त्यावर असावी, म्हणजे तो दचकण्यापूर्वीच खड्डा आपल्यालाही दिसतो. अंतर कमी होऊ लागले तर ब्रेक दाबू नये. छाती थोडी उचलून वारा घ्यावा किंवा वीतभर बाजूला सरावे, वेग आपोआप उतरतो. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही घुसू देऊ नये. चाके घासली की पडतो तो नेहमी मागचा.

पुढे राहण्याची पाळी आरंभी वीस-तीस सेकंदांची असावी. पाळी संपली की मागे एक नजर टाकावी, कोपर हलवून खूण करावी, अर्धा मीटर बाजूला व्हावे आणि पायडल थांबवू न देता हळूहळू मागे सरावे. वारा ज्या बाजूने येत असेल त्या बाजूला सरावे, म्हणजे मागे येणाऱ्याच्या अंगाचा आडोसा पुढे जाणाऱ्यांना मिळतो. नव्या गटांत सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक याच क्षणी घडते. ज्याची पाळी आली तो उत्साहाने वेग वाढवतो, मागे दोन मीटरची फट पडते, ती भरण्यासाठी शेवटच्याला जीव तोडून पळावे लागते आणि त्या शेवटच्या जागेवर बहुतेक वेळा स्प्रिंटरच असतो. पुढे आल्यावर वेग आहे तोच ठेवायचा, ही सवय अंगात मुरेपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नये.

तोंडाने सांगायच्या गोष्टी थोड्या आणि ठरलेल्या असाव्यात : “खड्डा डावीकडे”, “ब्रेकर”, “समोरून गाडी”, “सुटला”. गावात शिरताना रंग उडालेले गतिरोधक आणि मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या या आपल्याकडच्या खऱ्या अडचणी आहेत. केळीच्या किंवा उसाच्या हंगामात अंधारात निघण्यापेक्षा अर्धा तास उशिरा निघावे. सायकलला मागे लाल दिवा आणि डोक्याला हेल्मेट नसलेल्याला गटात घेऊ नये.

पायरी तिसरी : कामे शेवटाकडून सुरुवातीकडे वाटा

संघाची रचना अंतिम रेषेपासून उलट मोजत करावी. आधी स्प्रिंटर, त्याच्या पुढे लीड-आउट मॅन, त्याच्या पुढे शेवटच्या किलोमीटरचा माणूस, त्याच्या पुढे शेवटच्या तीन किलोमीटरचा, आणि सर्वांत पुढे दिवसभर ओढणारे, म्हणजे पुढे राहून वारा झेलणारे, दोघे. टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या, टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीत (जिचा प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणेही जिंकता येतो) २०१८ पासून प्रत्येक संघात आठ खेळाडू असतात, आणि २०२१ च्या टूरमधला डेकेनिंक–क्विक-स्टेप संघ या वाटणीचा उत्तम नमुना आहे. पळून गेलेल्यांचा पाठलाग करत तासन्‌तास पुढे राहण्याचे काम टिम डेक्लर्ककडे होते, ज्याला त्याच्या कामामुळे ‘ट्रॅक्टर’ हे टोपणनाव पडले. कास्पर अस्ग्रीन, मात्तिया कात्तानेओ, द्रिएस डेव्हेनिन्स आणि दाविदे बालेरिनी हे पुढच्या टप्प्यांतले गडी होते. विश्वविजेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी अंगावर असलेला जुलियाँ अलाफिलिपही गरज पडेल तेव्हा ट्रेनमध्ये राबत होता. शेवटी मिकेल मर्कोव आणि त्याच्या मागे मार्क कॅव्हेंडिश. कॅव्हेंडिशने त्या वर्षी चार टप्पे जिंकले. कार्कासोनच्या चौथ्या विजयाने त्याने एडी मर्क्सच्या ३४ टप्प्यांच्या विक्रमाची बरोबरी केली, आणि त्या दिवशी त्याला वाट करून देणारा मर्कोव स्वतः दुसरा आला. पुढे ३ जुलै २०२४ रोजी कॅव्हेंडिशने ३५ वा टप्पा जिंकून विक्रम एकट्याच्या नावावर केला, तेव्हाही मर्कोव त्याच्या संघात होता.

हे नाते कागदावर नेमून तयार होत नाही. मर्कोव मागे वळून न पाहताही कॅव्हेंडिश कोठे आहे हे ताडत असे, कारण दोघांनी एकमेकांच्या पुढे-मागे पुष्कळ चालवले होते. आपल्या गटातही स्प्रिंटर आणि लीड-आउट यांनी रविवारखेरीज आठवड्यात एकदा दोघांनीच बाहेर पडावे, आणि स्प्रिंटरने त्या दिवशी फक्त एकाच चाकाचा माग काढावा. पुढचा डावीकडे गेला तर डावीकडे, दोन गाड्यांमधून गेला तर तेथून, वेग तोडला तर आपणही तोडायचा. विश्वास नावाची गोष्ट या खेळात अशा सरावानेच येते.

स्त्रियांच्या शर्यतींतही हीच विद्या चालते. २०२२ च्या टूर द फ्रान्स फेमचा पहिला टप्पा पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर जिंकणारी लोरेना वीबेस २०२३ पासून लोटे कोपेकीच्या संघात आहे. स्वतः मोठमोठ्या शर्यती जिंकलेली कोपेकी तिच्यासाठी लीड-आउट करते, हे नव्या खेळाडूंनी मुद्दाम पाहावे. दुसऱ्यासाठी ओढणे हे दुय्यम खेळाडूचे काम आहे, हा गैरसमज त्याने दूर होतो.

पायरी चौथी : शर्यतीचा मोठा, संथ भाग

शर्यत सुरू झाली की दोन-चार जण पुढे पळतात. त्यांना ब्रेकअवे म्हणतात, आणि स्प्रिंटरचा संघ त्यांना जाणूनबुजून जाऊ देतो. पळालेले थोडे असावेत, त्यांत फार ताकदीचा कोणी नसावा आणि अंतर आवाक्यात राहावे, एवढे पाहिले की पुरे. पेलोटोन पूर्ण जोर लावून दहा किलोमीटरमध्ये साधारण एक मिनिट भरून काढते, हा फ्रेंच खेळाडू आणि समालोचक रॉबेर शापात याच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा आजही उपयोगी पडतो. म्हणजे तीस किलोमीटर उरले असताना अंतर तीन मिनिटांपेक्षा कमी हवे.

पण त्यांना लवकर पकडणे हेही तितकेच वाईट. चाळीस किलोमीटर आधी पकडले तर ताज्या दमाचे दुसरे पळतात आणि आपल्या दोघांना पुन्हा पहिल्यापासून राबावे लागते. पळालेले समोर दिसत असावेत, पण हाती शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये लागावेत. ज्या-ज्या संघांकडे चांगला स्प्रिंटर आहे, त्या सर्वांना हेच हवे असते, तेव्हा ओढण्याचे काम वाटून घेण्याची बोलणी शर्यत चालू असतानाच होतात. एखादा संघ मुळीच हातभार लावत नसेल, तर आपणही काही वेळ थांबून पाहावे लागते, आणि हा निर्णय कप्तानाने घ्यावा, स्प्रिंटरने नव्हे.

या काळात स्प्रिंटरने खाणे, पिणे आणि पडण्यापासून जपणे एवढेच करावे. पाण्याच्या बाटल्या आणायला त्याने मागे जाऊ नये. एक सहकारी संघाच्या गाडीपर्यंत जाऊन जर्सीत सहा-आठ बाटल्या खोचून आणतो आणि वाटतो. दीड-दोन तासांहून लांब शर्यतीत तासाला सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. मध्यम आकाराच्या केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात, त्यामुळे तासाला दोन केळी आणि बाटलीत थोडी साखर, लिंबू, मीठ घातलेले पाणी हा आपल्या भागातला सोपा, स्वस्त आणि पोटाला मानवणारा उपाय आहे. आदल्या रात्री शेवभाजीचा तिखट रस्सा मात्र टाळावा. खान्देशच्या उन्हाचा वेगळा विचार करावाच लागतो. मार्च उजाडला की रपेट सकाळी नऊच्या आत संपवावी, आणि मे महिन्यात जोराचा सराव पूर्ण बंद ठेवावा.

चढावर स्प्रिंटर मागे पडतो, कारण त्याच्या अंगात स्नायूंचे वजन असते. यावर जुना उपाय असा की, चढाच्या पायथ्याशी संघाने त्याला घोळक्याच्या अगदी पुढे आणून ठेवायचे. चढताना तो एकेक जागा मागे सरकत जातो, पण माथ्यावर पोचेपर्यंत निदान घोळक्याच्या शेपटाला तरी असतो. रावेरहून पालकडे सातपुड्यात चढणाऱ्या रस्त्यावर हा प्रयोग सहज करता येतो. मोठ्या घाटांच्या टप्प्यांवर प्रश्न जिंकण्याचा नसतो, वेळमर्यादेचा असतो. २०२१ च्या टूरमध्ये तीन्यच्या नवव्या टप्प्यावर आर्नो देमार हा फ्रेंच स्प्रिंटर वेळमर्यादेबाहेर राहून शर्यतीतून बाद झाला, तर त्याच दिवशी सहकाऱ्यांच्या सोबतीने चढलेला कॅव्हेंडिश मर्यादेच्या आत पोचला आणि पुढचे दोन विजय त्याला त्यानंतर मिळाले.

पायरी पाचवी : आडवा वारा

वारा समोरून असेल तर माणसे एकामागे एक राहतात. वारा बाजूने आला की आडोसा तिरका पडतो, आणि रस्त्याच्या रुंदीत जेवढे मावतील तेवढ्यांचीच तिरकी रांग, म्हणजे एशलॉन, बनते. बाकीचे रस्त्याच्या कडेला एका ओळीत वाऱ्यात उघडे पडतात आणि थोड्याच वेळात घोळका तुटतो. २०१३ च्या टूरमध्ये सँ-तामाँ-माँराँच्या सपाट टप्प्यावर असेच घडले. आडव्या वाऱ्यात कॅव्हेंडिशच्या तेव्हाच्या संघाने वेग वाढवून घोळका फोडला, पुढे दुसऱ्या एका संघाने पुन्हा फोडला, एकूण वेळेत आघाडीवर असल्याची पिवळी जर्सी घातलेला क्रिस फ्रूम मागे राहिला आणि पुढच्या छोट्या गटात टिकलेल्या कॅव्हेंडिशने टप्पा जिंकला.

आपल्या भागाला वाऱ्याची कमतरता नाही. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. पावसाळ्याच्या आगेमागे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. सातपुड्याच्या पायथ्याचा रावेर–यावल–चोपडा–शिरपूर–शहादा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम असल्याने त्यावर वारा जाताना समोरून आणि येताना पाठीशी मिळतो, तर चोपडा–धरणगाव किंवा अमळनेर–पारोळा हे रस्ते उत्तर-दक्षिण असल्याने तेथे तो बाजूने लागतो. एशलॉनचा सराव वाहत्या रस्त्यावर करताना एक गोष्ट काटेकोर पाळावी. उत्तरेकडे जाताना पश्चिमेचा वारा डावीकडून येतो आणि तिरकी रांग उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या वाटेत, पसरते. दक्षिणेकडे येताना तोच वारा उजवीकडून येतो आणि रांग डाव्या कडेकडे पसरते. म्हणून सराव फक्त चोपड्याहून धरणगावकडे येताना करावा, एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांनी रांग धरू नये आणि मागे एकाने फक्त वाहनांवर लक्ष ठेवावे. स्प्रिंटरने या वेळी ओढण्याची पाळी घ्यायची नसते, पण रांगेत आपली जागा मात्र मिळवायची असते.

पायरी सहावी : शेवटचे दहा किलोमीटर

येथून पुढे रस्ता आधीच माहीत असावा लागतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी हे अंतर सायकलने पाहून यावे आणि चार गोष्टी लिहून घ्याव्यात : शेवटचे तीव्र वळण रेषेपासून किती दूर आहे, रस्ता कोठे अरुंद होतो, शेवटची सरळ वाट चढती आहे की उतरती, आणि त्या वाटेवर वारा कोणत्या बाजूने येईल. शेवटचे वळण रेषेपासून तीनशे मीटरवर असेल, तर खरी शर्यत त्या वळणापर्यंतच संपते. तेथे जो पहिल्या तिघांत नसेल तो जिंकत नाही.

दहा किलोमीटर उरले असताना संघाने पहिल्या वीस जणांत असावे, पण सर्वांत पुढे नसावे. रस्त्याची एक कडा धरावी, म्हणजे इतर संघ एकाच बाजूने घुसू शकतात. नव्या संघांना मोह येथेच होतो. सगळे ताजेतवाने असतात, वेग वाढवावासा वाटतो, आणि आठ किलोमीटर आधीच ट्रेन पुढे जाऊन बसते. मग हिशेब जुळत नाही. व्यावसायिक शर्यतीत या भागात वेग ताशी पंचावन्न-साठ किलोमीटर असतो, आणि त्या वेगाने पुढे राहून अव्वल खेळाडूही मिनिट-दीड मिनिटापेक्षा फार जास्त टिकत नाही. ताशी साठने एक किलोमीटरला एक मिनिट लागते, तेव्हा चार माणसांची ट्रेन चार-पाच किलोमीटरपेक्षा लांब चालूच शकत नाही. पुढे लवकर पोचलेला संघ शेवटच्या किलोमीटरला रिकामा होतो आणि त्याच्या मागून वेगात आलेला दुसरा संघ त्याला ओलांडतो. माझ्या मते, थोडे उशिरा निघून हरणे हे लवकर निघून हरण्यापेक्षा केव्हाही बरे, कारण उशिरा निघालेल्याच्या पायांत पुढच्या वेळी काय करायचे याची शिकवण उरलेली असते. नव्या संघाने सुरुवातीच्या शर्यतींत तीन किलोमीटरच्या आत आल्याशिवाय ट्रेन पुढे काढूच नये.

सपाट टप्प्यांवर शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कोणी पडला किंवा सायकल बिघडली, तर त्याला ज्या गटात तो होता त्या गटाचीच वेळ मिळते. अलीकडे काही टप्प्यांवर ही हद्द पाच किलोमीटरपर्यंत वाढवतात. त्यामुळे एकूण वेळेसाठी खेळणारे संघ या खुणेपर्यंत पुढे गर्दी करतात आणि नंतर बाजूला होतात. ही गर्दी विरळ होण्याचा क्षण ओळखून पुढे येणे, हे चांगल्या कप्तानाचे लक्षण आहे.

पायरी सातवी : शेवटचा किलोमीटर

लाल त्रिकोणी निशाण म्हणजे शेवटचा एक किलोमीटर. आदर्श स्थितीत येथे संघाची तीन माणसे उरलेली असतात. पहिला आपले सर्वस्व ओतून सुमारे पाचशे मीटरच्या खुणेपर्यंत नेतो आणि बाजूला होतो. तेथून लीड-आउट मॅन वेग वाढवतो. हा वेग झटक्याने वाढवायचा नसतो. झटका दिला की स्प्रिंटर एका सायकलीच्या अंतराने मागे पडतो आणि ती फट दुसरा कोणीतरी घेतो. पायडलच्या प्रत्येक फेरीबरोबर थोडा-थोडा वेग चढत जावा, इतका की मागून पुढे यायला कोणाला वावच राहू नये.

स्प्रिंटर या वेळी हँडलच्या खालच्या वळणावर हात ठेवून, डोके खाली घेऊन, पण डोळे वर ठेवून बसलेला असतो. गिअर आधीच निवडलेला असावा, कारण पूर्ण जोरात असताना साखळी बदलणे धोक्याचे. निघण्याच्या क्षणाआधी तो पुढच्या चाकापासून अर्ध्या सायकलीइतके अंतर मुद्दाम सोडतो, मग आडोशातल्या मोकळ्या हवेत वेग घेत पुढे येतो आणि लीड-आउटच्या बाजूने बाहेर पडतो तेव्हा त्याचा वेग आधीच जास्त झालेला असतो. समोरून वारा असेल तर दीडशे मीटरपर्यंत थांबावे. पाठीशी वारा किंवा उतार असेल तर अडीचशे मीटरवरूनही निघता येते. बाहेर पडायचे ते वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे लीड-आउटचे अंग आणखी दोन क्षण आडोसा देते.

लीड-आउट मॅनचे काम स्प्रिंटर निघाला तरी संपत नाही. त्याने आपली रेषा न सोडता, ब्रेक न लावता सरळ चालवत राहायचे असते, कारण मागून ताशी साठ-पासष्टच्या वेगाने पन्नास जण येत असतात. काम चोख झाले की तो स्वतःही वरच्या क्रमांकावर येतो. २००९ च्या टूरमध्ये शाँझेलिझेवर कॅव्हेंडिश पहिला आणि त्याचा लीड-आउट मार्क रेनशॉ दुसरा आला होता, आणि मागचे सगळे बरेच अंतर राखून होते. स्प्रिंटरने रेषेवर पोचताना शेवटच्या पायडलबरोबर हात लांब करून सायकल पुढे फेकावी. टायरच्या रुंदीइतक्या फरकाचे निकाल त्यानेच लागतात. ही फेक वेगळी शिकावी लागते, रिकाम्या मैदानात, हळू वेगाने.

ट्रेन तुटली तर

बहुतेक वेळा ट्रेन तुटतेच. कोणी पडतो, कोणी दमतो, वळणावर दुसरा संघ मध्ये घुसतो. तेव्हा उरलेल्यांनी पूर्ण ट्रेन पुन्हा जोडण्याच्या नादात दोन किलोमीटर घालवू नयेत. फक्त लीड-आउट आणि स्प्रिंटर एवढीच जोडी टिकवावी. २०२३ च्या टूरमध्ये यास्पर फिलिप्सनने चार टप्पे आणि गुणांमध्ये अव्वल येणाऱ्याची हिरवी जर्सी जिंकली, त्यात मोठा वाटा माथ्यू व्हॅन डर पूल या एका लीड-आउटचा होता. तोही हरवला, तर स्प्रिंटरने दुसऱ्या संघाच्या सर्वोत्तम स्प्रिंटरचे चाक धरावे. ऑस्ट्रेलियाचा रॉबी मॅकइवेन याने संपूर्ण ट्रेनचा आधार न घेता, इतरांच्या चाकांवरून उड्या घेत टूरचे १२ टप्पे आणि तीन वेळा हिरवी जर्सी जिंकली. नव्या संघाकडे माणसे कमी असतात, म्हणून मॅकइवेनच्या शर्यतींचे चित्रण शोधून पाहावे, त्यातून आपल्याला जास्त शिकता येईल.

सरळ रेषेचा नियम

स्प्रिंट सुरू केल्यावर ज्या रेषेत निघालो, ती सोडून दुसऱ्याच्या वाटेत जाता येत नाही. २०२० च्या टूर ऑफ पोलंडमध्ये काटोवित्से येथे डिलन ग्रोएनेवेगनने रेषा सोडल्यामुळे फाबियो याकोबसन कठड्यावर आदळून गंभीर जखमी झाला, आणि ग्रोएनेवेगनला नऊ महिन्यांची बंदी झाली. डोके किंवा खांदा मारणेही चालत नाही. २०१० च्या टूरमध्ये रेनशॉला त्यासाठी शर्यतीबाहेर काढले गेले. आपल्या सरावात हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा, आणि ज्याने रेषा सोडली त्याचा तो प्रयत्न बाद धरावा, मग तो कितीही वेगवान असो.

सरावाची मांडणी

पहिला महिना फक्त दुसऱ्या पायरीला द्यावा. त्यानंतर तीन-तीन जणांची छोटी ट्रेन करून, दगडांच्या खुणांवर, हजार मीटरपासून दोनशे मीटरपर्यंतची अदलाबदल ताशी तीस किलोमीटरच्या सावकाश वेगाने करावी. वेग वाढवावा तो अदलाबदल डोळे झाकून जमू लागली की. जागा निवडताना महामार्ग टाळावा. गावांमधले, दोन्ही बाजूंना दूरवर दिसणारे, फाटे नसलेले दीड-दोन किलोमीटर पुरतात. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करावा आणि हात वर दिसल्याशिवाय ट्रेन सोडू नये. आठ जण असतील तर दोन संघ करून एकमेकांविरुद्ध खेळावे, आणि प्रत्येक फेरीत भूमिका बदलाव्यात, अगदी स्प्रिंटरनेही एकदा पुढे राहून ओढावे. फेरी संपली की सायकलवरून उतरून दोनच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत : स्प्रिंटरच्या अंगावर वारा पहिल्यांदा कितव्या मीटरला आला, आणि तो कोणामुळे आला.